मालवाहू पिकअप गाडीचे टायर बदलतांना

जमीन विकत घ्यावयाची झाली म्हणजे आपला शेतकरी किती चौकशी करतो! सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, विहिरींत किती वांटे आहेत तें विचारतो, वाटेचा हक्क आहे कीं नाहीं हें चार जाणत्यांकडून खातरजमा करून घेतो, आणि इतकें करूनहि इसाराची रक्कम देतांना त्याचा हात जड होतो. परंतु तोच शेतकरी पिकअपचे टायर घ्यावयास दुकानांत गेला म्हणजे “चांगल्यांतला दाखवा, आणि कमींत कमी कितीला देतां तें सांगा” एवढ्या दोन वाक्यांवर हजारों रुपयांचा व्यवहार उरकून मोकळा होतो.

वस्तुतः टायरालाहि सातबारा असतो. तो त्याच्या बगलेवर उठावाच्या अक्षरांनीं लिहिलेला असतो, आणि तो पाहण्यास तलाठ्याकडे जावें लागत नाहीं कीं फी भरावी लागत नाहीं. आमचें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें. दुसऱ्यांचे उतारे आम्हीं वर्षानुवर्षें वाचले. परंतु आमच्या स्वतःच्या गाडीचा हा उतारा वाचावयास आम्ही शिकलों तो नुकसान सोसल्यानंतर. ती हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचनाचें कारण वाचकांच्या ध्यानीं येईल.

सन २०१९ च्या मे महिन्यांत आमच्या पिकअपचे मागील दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते. तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत आम्ही गेलों. जुन्या टायरावर ‘२१५/७५ आर १५’ असे अंक होते. दुकानदारानें त्याच अंकांचे दोन टायर काढून पुढें ठेवले आणि दुसऱ्या जातीपेक्षां हे नगामागें अकराशें रुपयांनीं स्वस्त पडतील असें सांगितलें. अंक जुळले, नक्षी ठळक होती, रबर काळेंभोर दिसत होतें. बावीसशें रुपये वांचल्याच्या समाधानांत आम्ही घरीं आलों. त्यानंतर बाराव्या दिवशीं आमचा पुतण्या ६५ कॅरेट टोमॅटो भरून भर दुपारीं वाशीच्या बाजारास निघाला. घोटीच्या पुढें गाडी चांगल्या वेगांत असतां मागील डावा टायर फुटला. गाडी एका अंगास ओढली गेली आणि कडेच्या चरांत आडवी झाली. पुतण्याचें खांद्याचें हाड मोडलें. सोबतच्या गड्याचें खरचटण्यावर निभावलें. माल सगळा रस्त्यावर पसरला. दवाखाना, गाडीची दुरुस्ती आणि गेलेला माल यांचा हिशेब आम्हीं वहींत मांडला आहे. तो येथें देण्यांत अर्थ नाहीं. त्यांत वांचविलेले बावीसशें रुपये कोठल्या कोठें गडप झाले.

फाटलेला टायर आम्हीं घरीं आणला, त्याच्या बगलेवर खडू घांसला (अक्षरें वाचावयास ही उत्तम युक्ति आहे) आणि ओळ न् ओळ उतरून काढली. तेव्हां कळलें कीं अंक जुळले होते तरी टायर जुळला नव्हता.

आतां तो उतारा कसा वाचावयाचा तें पाहूं. ‘२१५/७५ आर १५’ यांतील २१५ ही टायराची रुंदी मिलिमीटरांत आहे. ७५ याचा अर्थ रुंदीच्या शेंकडा ७५ इतकी बगलेची उंची, म्हणजे सुमारें १६१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमेचा व्यास इंचांत. लहान चारचाकी मालगाड्यांवर ‘१४५ आर १२’ असेंहि लिहिलेलें आढळतें; तेथें मधला अंक नसतो, पण अर्थ त्याच धर्तीचा. बहुतेक लोक येथवरच वाचतात, आणि दुकानदारहि येथवरच वाचून दाखवितो. परंतु हा भाग म्हणजे केवळ क्षेत्रफळ झालें. जमीन किती आहे हें त्यावरून समजतें. ती किती पिकेल हें समजत नाहीं.

खरी माहिती पुढच्या दोनतीन चिन्हांत असते. मापाच्या लगत एक दोन किंवा तीन आंकडी संख्या आणि तिला चिकटून एक इंग्रजी अक्षर असतें. त्या संख्येला आपण भारांक म्हणूं. भारांक म्हणजे किलो नव्हेत. प्रत्येक भारांकासाठीं एक वजन ठरलेलें आहे आणि तें जगांतील सर्व कारखान्यांना सारखें आहे. ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,००० आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. हें वजन एका टायराचें, आणि तेंहि त्यांत पूर्ण हवा असतां. ‘१०६/१०३’ असे दोन अंक दिसले तर पहिला एकेरी चाकासाठीं आणि दुसरा मागें जोडचाकें असलेल्या गाडीसाठीं समजावा. संख्येपुढील अक्षर वेगाचें असतें: ‘एन’ म्हणजे ताशीं १४० किलोमीटर, ‘क्यू’ म्हणजे १६०, ‘एस’ म्हणजे १८०. हें अक्षर मोठें असलें म्हणजे टायर मजबूत, असा एक समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. टोमॅटोची गाडी ताशीं १८० नें पळवावयाची नाहीं. वेगाचें अक्षर मूळ टायराच्या खालचें नसलें म्हणजे पुरे.

तिसरी खूण ‘एल’ आणि ‘टी’ या दोन अक्षरांची. हीं अक्षरें असलीं तर तो टायर हलक्या मालगाडीसाठीं बांधलेला आहे. त्यांच्या जागीं ‘पी’ असेल किंवा कांहींच नसेल, तर तो बहुधा प्रवासी मोटारीचा टायर असतो; मग नक्षी कितीहि रांगडी असो. तसेंच ‘८ पीआर’, ‘१० पीआर’ असें लिहिलेलें असतें. पूर्वीं याचा अर्थ आंत तितके सुती थर, असा होता. हल्लीं प्रत्यक्ष थर तितके नसतात. तेवढ्या थरांच्या टायराइतकी ताकद, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हां टायर हातानें दाबून अगर ठोकून थर अजमावण्याचा जो प्रघात आहे त्यानें कांहींच कळत नाहीं.

आमच्या फाटलेल्या टायरावर १०० हा भारांक होता, आणि ‘एलटी’ हीं अक्षरें नव्हतीं. गाडीवर कारखान्यांतून आलेला जुना टायर त्याच मापाचा, परंतु ‘एलटी’ आणि १०६ भारांकाचा होता. एकास ८०० किलो, दुसऱ्यास ९५० किलो. माप एक, आणि फरक चाकामागें दीड क्विंटलचा.

हा दीड क्विंटल किती महत्त्वाचा आहे हें हिशेबानेंच पटेल. आमच्या गाडीचें रिकामें वजन १,६०० किलो आणि भारासह परवानगीचें वजन २,८५० किलो. म्हणजे माल १,२५० किलो. रिकाम्या गाडीचें वजन सारखें वांटलेलें नसतें. यंत्र पुढें असल्यामुळें पुढच्या चाकांवर सुमारें ९५० आणि मागें ६५० किलो. माल मात्र बहुतेक मागच्या आंसावर बसतो. त्यांतला सहा-सात हिश्शांतील एखादा हिस्सा पुढें जातो. तेव्हां पूर्ण परवानगीचा माल भरला कीं मागील आंसावर सुमारें १,७१० किलो येतात, म्हणजे एका टायरावर ८५५. याचा अर्थ असा कीं १०० भारांकाचा टायर कायद्याप्रमाणें भरलेल्या गाडीलाहि पुरत नाहीं. अपघाताच्या दिवशीं तर आमचीहि चूक होती. ६५ कॅरेट वीस किलोप्रमाणें १,३०० किलो असा आम्हीं हिशेब केला. पन्नासच किलो जास्त, चालेल, असें म्हटलें. रिकाम्या कॅरेटांचें वजन धरावयाचें राहून गेलें. तें धरतां माल चौदाशें किलोंवर गेला होता, आणि मागील प्रत्येक टायरावर सुमारें ९२० किलो होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेल्या माणसाची ही बेरीज!

प्रत्येक गाडीचा हिशेब निराळा असतो, म्हणून आमच्या आंकड्यांवर विसंबूं नये. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर नेहमींप्रमाणें भरलेली गाडी न्यावी. एकदां सबंध गाडीचें वजन करावें, आणि एकदां फक्त मागचीं चाकें काट्यावर ठेवून करावें. मागच्या वजनाचे दोन भाग केले कीं एका टायरावरचा भार निघाला. ज्या टायराचा भारांक त्याहून शेंकडा दहा तरी अधिक वजनाचा असेल तो घ्यावा, आणि मूळ टायराच्या भारांकाखालीं कधींहि जाऊं नये. नोंदणीपुस्तकांत रिकामें आणि भरलेलें अशीं दोन्ही वजनें असतात. दाराच्या चौकटीवर कारखान्यानें चिकटविलेल्या पट्टीवर टायराचें माप आणि हवाहि असते. ती पट्टी पुष्कळांनीं धुतांना खरडून टाकलेली आम्हीं पाहिली आहे.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पुष्कळ मंडळी गाडी घेतली कीं पहिल्याच आठवड्यांत मागील कमानींत दोन जादा पाटे घालतात, आणि मग गाडी दोन टनांनाहि दबत नाहीं असें अभिमानानें सांगतात. पाटे घातल्यानें गाडी बसत नाहीं हें खरें. परंतु भार कांहीं हवेंत विरत नाहीं. तो पाट्यांतून आंसावर, आंसावरून रिमेवर आणि रिमेवरून टायरावरच येतो. उलट पूर्वीं गाडी दबे आणि मालकाला इशारा मिळे, तो इशारा आतां बंद झाला. ५० किलोच्या वीस गोणी कांदा जादा टाकला कीं वरच्या हिशेबानें मागील प्रत्येक टायरावर पावणेतेराशें किलोंहून अधिक येतात; ‘एलटी’ टायराचीहि मर्यादा कधींच मागें पडते. शिवाय मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें जादा भारास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागें २,००० रुपये असा दंड आहे. जादा खेपेचें भाडें किती वांचतें तें ज्याचें त्यानें पहावें.

भारांकानंतर तारीख. बगलेवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीच्या शेंवटीं लंबगोलांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. टायराच्या एकाच बगलेवर ही पुरी ओळ असण्याचा संभव असल्यामुळें दोन्ही बगला पहाव्या. आमच्या फाटलेल्या टायरावर ‘४११४’ हे आंकडे निघाले! म्हणजे २०१९ च्या मे महिन्यांत नवा म्हणून विकलेला टायर २०१४ च्या ऑक्टोबरांतला होता. रबर न वापरतांहि म्हातारें होतें. हवेनें, उन्हानें आणि उष्णतेनें तें कडक होऊन त्यास बारीक चिरा पडतात, आणि आंतल्या थरांची पकड सुटूं लागते. काळ्या पॉलिशानें वरचें तेज येतें, आंतलें वय जात नाहीं. आम्ही एक वर्षाहून जुना टायर आतां घेत नाहीं. दुकानदार कुरकुरतो, पण गोदामांतून दुसरा काढतो. वापरांतील टायराबद्दल कारखानदारांचा सर्वसाधारण सल्ला असा कीं पांच वर्षांनंतर दरवर्षीं तो जाणत्याकडून तपासावा आणि दहा वर्षें झालीं कीं नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा. आपल्याकडे गाडी हंगामांत धांवते आणि एरवीं गोठ्यापुढें उन्हांत उभी असते. त्यामुळें नक्षी झिजण्यापूर्वींच रबर संपल्याचे प्रकार शेतकऱ्यांत अधिक आढळतात. स्टेपनीची तर तारीख कोणीच पाहत नाहीं.

झीज केव्हां पुरी झाली हें ठरवावयास डोळ्यांचा अंदाज नको. नक्षीच्या मुख्य खांचांत जागोजाग रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर खोली उरली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें चारचाकीस हीच शेंवटची मर्यादा आहे. आमच्या मतें पावसाळ्यांत गाडी चालवावयाची असेल तर ३ मिलिमीटर उरतांच टायर बदलावा, कारण पाणी बाहेर फेंकण्याचें काम खांचांचें असतें आणि उथळ खांचांना तें जमत नाहीं. बगलेवर फुगवटा आला, किंवा चिरेंतून दोरा अगर तार दिसूं लागली, तर नक्षी पाहूंच नये. टायर त्याच दिवशीं उतरवावा.

नक्षीची निवड हा आवडीचा विषय समजला जातो आणि त्यावर चर्चाहि फार होते. आम्ही तो थोडक्यांत आटोपतों. सरळ लांब धारांची नक्षी डांबरी रस्त्यावर शांत चालते, कमी तापते, अधिक टिकते. आडव्या जाड ठोकळ्यांची नक्षी काळ्या रानांतल्या चिखलांत पकड देते, परंतु महामार्गावर लवकर झिजते आणि आवाज करते. ज्याची गाडी दहा भाग रस्त्यावर आणि एक भाग बांधावर असेल त्यानें त्या एका भागासाठीं ठोकळे घेऊं नयेत. फार तर पुढें धारांची आणि मागें मध्यम ठोकळ्यांची नक्षी ठेवावी. मात्र एका आंसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे आणि एकाच नक्षीचे असावेत. एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे साधा नायलॉन हा प्रकार कदापि करूं नये. चारी चाकांस जोर असणाऱ्या गाडींत चारी टायरांचा घेरहि सारखा लागतो.

आतां एका वादाच्या मुद्द्याकडे येतों. दोनच नवे टायर घेतले तर ते पुढें लावावे कीं मागें? गांवचा मिस्त्री हटकून पुढें लावतो. सुकाणू पुढें आहे, पुढचा फुटला तर गाडी हातांतून जाते, असें त्याचें म्हणणें. ऐकावयास तें बरोबर वाटतें. परंतु टायर कारखानदारांचा सल्ला उलट आहे, आणि विचारांतीं आम्हांसहि तोच पटला. ओल्या रस्त्यावर पुढचीं चाकें घसरूं लागलीं तर चालकाला तें हातांत कळतें. तो वेग कमी करतो आणि गाडी सांवरते. मागचीं चाकें घसरलीं तर गाडीची शेंपटी एकदम फिरते आणि सुकाणू कितीहि फिरवलें तरी तिचा उपयोग होत नाहीं. पिकअप बाजारांतून रिकामी परततांना मागून हलकी असते, आणि पहिल्या पावसांत वळणावर गिरकी घेणाऱ्या गाड्या बहुधा रिकाम्याच असतात. म्हणून नवे टायर मागें लावावे. अर्थात् पुढें राहणारे जुने टायर अगदींच उतरलेले असतील तर ही युक्ति नव्हे. तेथें चारीहि बदलावेत.

टायर कितीहि उत्तम घेतला तरी भार टायर उचलीत नाहीं, त्यांतील हवा उचलते. ‘२१५/७५ आर १५’ या मापाचा १०६ भारांकाचा ‘एलटी’ टायर आपले ९५० किलो उचलतो तो ६५ पौंडांच्या सुमारास हवा असतां. त्यांत मोटारीप्रमाणें ३५ भरली तर त्याची ताकद पुष्कळच उतरते, आणि ‘एलटी’साठीं दिलेले जादा पैसे फुकट जातात. पंपावरचे मुलगे, ज्यांच्या भाषेंत पौंडाला ‘पॉइंट’ म्हणतात, विचारल्यावांचून सगळ्या गाड्यांत सारखीच हवा भरतात. त्यांना आपणच आंकडा सांगितला पाहिजे. कमी हवेच्या टायराची बगल प्रत्येक फेऱ्यास दबते आणि उठते. त्या दबण्याउठण्यानें आंत उष्णता साठते आणि शेंवटीं थर सुटतात. मे महिन्यांतील दुपार, भरलेली गाडी आणि थांबा नसलेला लांब रस्ता हे तिन्ही एकत्र आले म्हणजे हा धोका फार वाढतो. नागपूर-शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून तर अशा अखंड धांवेची सोय विदर्भ-मराठवाड्याकडील शेतकऱ्यांसहि झाली आहे. हवा सकाळीं, गाडी थंड असतां मोजावी. तापलेल्या टायरांत आंकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणारे लोक आहेत; तो टायर थंड झाल्यावर कमी हवेचा राहतो. नक्षी दोन्ही कडांनीं झिजली तर हवा कमी राहत होती, मध्यें झिजली तर जास्त, आणि एकाच कडेनें झिजली तर चाकांची रेषा बिघडली आहे. ती रेषा सरळ केल्यावांचून नवा टायर चढवणें म्हणजे गळक्या पाटांत पाणी सोडणें.

रिमोल्ड टायर पूर्णपणें टाकाऊ असें आम्ही म्हणत नाहीं. गांवांतल्या गांवांत शेणखत वाहणाऱ्या गाडीच्या मागील चाकांस तो चालेल. पुढच्या चाकांस आणि महामार्गावर मात्र नको. रस्त्याकडेला विकावयास मांडलेले वापरलेले टायर घेऊंच नयेत. नव्या टायरावर आयएसआय शिक्का असलाच पाहिजे. केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशापासून तो बंधनकारक आहे, आणि मालगाडीच्या टायरासाठीं ‘आयएस १५६३६’ हा क्रमांक शिक्क्याशेजारीं असतो. पावती पक्की घ्यावी, तिच्यावर टायराचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा. पुढें फुगवटा आला तर त्यावांचून बदली मिळत नाहीं. टायरांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळें बिनपावतीच्या व्यवहारांत पूर्वीं जो मोह होता तोहि बराच कमी झाला आहे. आम्हीं मेमध्यें घेतलेल्या टायरांची पावती घेतली नव्हती, म्हणून दुकानदाराकडे आम्ही कोणत्या तोंडानें जाणार होतों?

टायर चढवितांना ट्यूबलेस असेल तर वाल्व्ह नवा बसवून घ्यावा. ट्यूबचा असेल तर ट्यूबहि नवी आणि त्याच मापाची घ्यावी. पुढच्या चाकांचें वजन जुळवून घ्यावें. दुकानांत मशीननें आवळलेले नट पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर थोडे सैल पडण्याचा संभव असतो; ते पान्यानें पुन्हां एकदां समोरासमोरचे जोडीनें आवळावे. आमचा पुतण्या हल्लीं हें काम दुसऱ्या कोणास करूं देत नाहीं, आणि गाडी भरण्यापूर्वीं एक रिकामें कॅरेट काट्यावर ठेवून त्याचें वजन वहींत मांडतो.